रणांतून पळणाऱ्या शिपायास शासन कोणतें?

शिर सलामत तर पगड्या पचास, ही म्हण मराठी संसारांत शहाणपणाची मानली जाते. व्यापारांत खोट आली तर दुकान आवरून दुसरा धंदा पाहावा, गांवांत सांथ आली तर गांव सोडावा, घराला आग लागली तर चीजवस्तूचा मोह न धरतां बाहेर पडावें, असाच उपदेश वडील माणसें मुलांना करीत आलीं आहेत. जीव वांचविणें हा प्राणिमात्राचा पहिला धर्म. परंतु समाजांत एक वर्ग असा आहे कीं, त्यानें हीच म्हण ऐन प्रसंगीं आचरणांत आणली तर तो शहाणा न ठरतां गुन्हेगार ठरतो. आणि कित्येक देशांच्या कायद्यांत त्या गुन्ह्यास आजहि देहांत शिक्षा सांगितलेली आहे. हा वर्ग शिपायांचा, आणि हा गुन्हा म्हणजे युद्ध चालूं असतांना सैन्य सोडून पळून जाणें.

ह्या गुन्ह्यास शासन कोणतें असावें, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. युद्धाच्या कथा दुरून रम्य वाटतात, अशा अर्थाचें एक जुनें सुभाषित आहे. दिवाणखान्यांत बसून पळपुट्या शिपायास 'गोळी घाला' असें म्हणणेंहि तितकेंच सोपें आहे. उलट, त्या शिपायाच्या आईच्या शेजारीं बसून 'पोर आहे, सोडून द्या' असें म्हणणेंहि अवघड नाहीं. दोन्ही निकाल घाईचे होत. एका बाजूस पळालेल्या माणसाचा जीव असतो, तर दुसऱ्या बाजूस न पळालेल्या माणसांचे जीव असतात. आणि न्याय दोघांनाहि द्यावयाचा असतो.

प्रथम, हा गुन्हा कां मानावा तें पाहिलें पाहिजे. कचेरींतील कारकून न सांगतां निघून गेला तर त्याच्या टेबलावर कागद सांचतात. शिपाई जागा सोडून गेला तर त्याच्या शेजाऱ्याची एक बाजू उघडी पडते. सहा जणांच्या तुकडीनें रात्रीचा पहारा वांटून घेतला असेल आणि त्यांतील एक जण अंधारांत निघून गेला, तर उरलेल्या पांचांची झोंप कमी होते, ओझें वाढतें, आणि पहाटे हल्ला आलाच तर त्याच्या वांट्याची गोळी दुसऱ्या कोणास तरी लागते. शिवाय भय हें सांथीसारखें पसरतें. एक पळाला हें कळलें म्हणजे जे मनांतून डळमळत होते, त्यांच्या पायांस तीच वाट दिसूं लागते. म्हणून जगांतील कोणतेंहि सैन्य हा गुन्हा क्षुल्लक मानीत नाहीं, आणि तसा तो मानूंहि नये.

भारतापुरतें पाहिलें तर १९५० च्या आर्मी ॲक्टांत दोन गुन्हे वेगळे केलेले आहेत. परवानगीवांचून गैरहजर राहणें हा एक. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. सैन्यत्याग हा दुसरा. शांततेच्या काळीं त्यास सात वर्षांपर्यंत कैद, परंतु प्रत्यक्ष युद्धसेवेंत असतांना किंवा युद्धसेवेचा हुकूम झालेला असतांना तो घडला तर देहांतापर्यंत शिक्षा होऊं शकते. ह्या दोहोंतील फरक मुख्यतः हेतूचा आहे. बहिणीच्या लग्नासाठीं घरीं गेलेला शिपाई रजा संपल्यावर चार दिवस अधिक राहिला, तर तो गैरहजर. तुकडी आघाडीवर निघण्यापूर्वीं अर्धा तास अगोदर, तें काम टाळण्यासाठींच जो निसटला, तो चार तासांत सांपडला तरी सैन्यत्यागी. तीस दिवस पत्ता लागला नाहीं म्हणजे चौकशी होऊन तशी नोंद होते. पण खटल्यांत शेवटीं विचारला जातो तो हेतूच.

ह्याच कायद्यांतील आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. युद्धांत पळणारास देहांतच द्यावा, असें कायदा म्हणत नाहीं. देहांत किंवा त्याहून कमी शिक्षा, असें म्हणतो. जनरल कोर्टमार्शलांत किमान पांच अधिकारी बसतात आणि देहांत शिक्षेस त्यांतील दोन तृतीयांशांची संमति लागते. रणभूमीजवळ घाईनें भरणाऱ्या समरी जनरल कोर्टमार्शलांत तीन अधिकारी पुरतात, पण तेथें देहांतास सर्वांचें एकमत हवें. त्यानंतर वरिष्ठांनीं निकाल कायम करावा लागतो. आणि २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपीलहि करतां येतें. म्हणजे कायद्यानें कमाल मर्यादा आंखून दिली आहे. त्या मर्यादेच्या आंत कोठें थांबावें, हें माणसांच्या विवेकावर सोपविलें आहे. खरा प्रश्न त्या विवेकाचा आहे, आणि त्यास वाट दाखविण्यास इतिहासासारखा दुसरा गुरु नाहीं.

प्राचीन रोमन सैन्यांत भ्याडपणा करणाऱ्या तुकडीवर चिठ्ठ्या टाकीत, आणि दहांत ज्या एकावर चिठ्ठी येई त्याला त्याच्याच सोबत्यांकडून मारवीत. ज्यावर चिठ्ठी आली तोच अधिक भ्याड होता, असें कोणी म्हणत नसे. दोषी कोण हें पाहण्यापेक्षां धाक कसा बसेल हें पाहण्यावर त्या शासनाचा सर्व भर होता. दोन हजार वर्षांनंतर युरोपांतील सुशिक्षित राष्ट्रें ह्या कल्पनेपासून फार दूर गेलीं होतीं, असें मात्र म्हणवत नाहीं.

पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश सैन्याचे आंकडे ह्या बाबतींत बोलके आहेत. ऑगस्ट १९१४ पासून मार्च १९२० पर्यंत ब्रिटिश लष्करी न्यायालयांनीं तीन हजारांहून अधिक जणांस देहांत शिक्षा फर्मावल्या. त्यांपैकीं ३४६ जणांवर शिक्षेची अंमलबजावणी झाली, आणि त्यांतील २६६ जण पलायनाच्या गुन्ह्यासाठीं मारले गेले. म्हणजे दर दहांपैकीं सुमारें नऊ जण वांचले आणि एक जण गेला. हा एक कसा निवडला जाई? खटल्याचे कागद वरिष्ठांकडे चढत जात, तेव्हां आरोपीच्या वर्तनाबरोबरच त्याच्या पलटणीची शिस्त कशी आहे, ह्यावरहि प्रत्येक अधिकारी शेरा मारीत असे. पलटणींत शिस्त ढिली आहे, उदाहरण घालून देणें अवश्य आहे, असा शेरा पडला कीं त्या शिपायाची आशा संपत येई. सारखाच गुन्हा करणारे दोन शिपाई, आणि एक जिवंत, एक मेलेला. फरक इतकाच कीं, दुसऱ्याच्या पलटणींत इतरांनीं बेशिस्त केली होती. चोर सोडून संन्याशाला फांशी, असें मराठींत म्हणतात, तें ह्याहून फार वेगळें नाहीं.

त्या ३४६ जणांत हॅरी फार नांवाचा एक साधा शिपाई होता. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटमधील हा पंचवीस वर्षांचा माणूस युद्धाच्या आरंभींच फ्रान्सांत गेला. तोफांच्या भडिमारानें त्याच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला आणि १९१५ सालीं तो कित्येक महिने इस्पितळांत होता. हातांचें कापणें थांबेना. बरा समजून त्यास परत पाठविलें. सप्टेंबर १९१६ मध्यें सोमच्या लढाईंत त्यानें पुढें जाण्यास नकार दिला. मला सहन होत नाहीं, इतकेंच त्याचें म्हणणें होतें. त्याचा खटला सुमारें वीस मिनिटें चालला. त्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नव्हता, आणि त्याची प्रकृति जाणणारा पलटणीचा डॉक्टर स्वतः जखमी होऊन दूर गेला होता. ऑक्टोबर १९१६ मध्यें त्याला गोळ्या घातल्या. मागें राहिलेल्या तरुण पत्नीचें निवृत्तिवेतन बंद झालें, आणि लाजेनें तिनें ही गोष्ट कित्येक वर्षें कोणास सांगितली नाहीं. २००६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून अशा ३०६ जणांना मरणोत्तर क्षमा केली, तेव्हां त्याची कन्या नव्वदी ओलांडून जिवंत होती. नव्वद वर्षांनीं आलेली क्षमा कागदावर उमटते. मेलेला शिपाई पलटणींत परत येत नाहीं. देहांत शिक्षेविरुद्धचा हा पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप आहे, आणि त्याला अद्याप उत्तर सांपडलेलें नाहीं.

येथें धाकाचा पक्ष पुढें येतो. अन्याय झाला असेल, परंतु त्या ३४६ मरणांनीं लाखोंना जागेवर ठेवलें, असें त्या पक्षाचें म्हणणें. हें म्हणणें पडताळून पाहण्याची सोय त्याच युद्धांत झालेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९०३ च्या संरक्षण कायद्यानें देहांत शिक्षा बंड, फितुरी आणि शत्रूस जाऊन मिळणें अशा थोड्या गुन्ह्यांपुरतीच राखली होती, आणि तीस गव्हर्नर जनरलची मंजुरी लागे. फ्रान्सांतील वरिष्ठ ब्रिटिश सेनापतींनीं ही सवलत काढून टाका, अशी मागणी वारंवार केली. ऑस्ट्रेलियानें ती मानली नाहीं. शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियन शिपायांस देहांत शिक्षा सांगितली गेली, पण एकावरहि तिचा अंमल झाला नाहीं. ह्याचा तोटा झालाच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तुरुंगांत असलेल्या ऑस्ट्रेलियन शिपायांचें प्रमाण इतर तुकड्यांहून पुष्कळ अधिक होतें. तरी त्याच सैन्यानें ऑगस्ट १९१८ मध्यें आमियांच्या लढाईंत कॅनेडियन सैन्याच्या खांद्याला खांदा लावून जर्मन फळी फोडली. गोळीच्या धाकावांचून माणूस लढत नाहीं, हा सिद्धान्त तेवढ्यापुरता तरी खोटा ठरला.

उलट बाजूचें उदाहरण इटलीचें. सरसेनापति कादोर्ना ह्यांच्या कारकीर्दींत इटलीच्या सैन्यांतील शिस्त अत्यंत कडक होती. त्या युद्धांत खटला चालवून सुमारें ७५० इटालियन शिपायांना गोळ्या घातल्या गेल्या. खटल्यावांचून मारलेले निराळे. रजा क्वचित मिळे, अन्न निकृष्ट असे, आणि एकाच नदीकांठीं पुन्हा पुन्हा हल्ले करण्यांत पलटणींच्या पलटणी खर्ची पडत. एवढा धाक असूनहि ऑक्टोबर १९१७ मध्यें कापोरेत्तो येथें फळी फुटली, तेव्हां अडीच लाखांहून अधिक शिपाई शत्रूच्या हातीं सांपडले आणि लाखों शस्त्रें टाकून घराच्या वाटेला लागले. कादोर्ना ह्यांच्या जागीं आलेल्या दियाझ ह्यांनीं रजा वाढविली, अन्न सुधारलें, निष्फळ हल्ले थांबविले. आणि तेंच सैन्य पियावे नदीवर पाय रोवून उभें राहिलें. फ्रान्समध्येंहि त्याच वर्षीं वसंत ऋतूंतील हल्ला फसल्यावर पलटणींनीं पुढें जाण्यास नकार दिला. पाचशेंहून अधिक जणांस देहांत शिक्षा झाली, पण प्रत्यक्षांत पन्नासांहून कमी जणांना मारलें गेलें. जनरल पेताँ ह्यांनीं शिक्षेपेक्षां रजेच्या वेळापत्रकावर, स्वयंपाकावर आणि विश्रांतीवर अधिक भर दिला. आधीं पोटोबा मग विठोबा, हें तत्त्व खंदकांतहि लागू पडतें.

दुसऱ्या महायुद्धांत ह्या दोन्ही वाटा टोंकाला गेलेल्या दिसतात. पहिल्या महायुद्धांत जर्मन न्यायालयांनीं पन्नासांच्या आंतच सैनिक मारले होते. त्यामुळेंच पराभव झाला, असा सिद्धान्त नाझी राजवटीनें मांडला. परिणामीं दुसऱ्या युद्धांत पलायनासाठीं मारलेल्या जर्मन शिपायांची संख्या अभ्यासकांच्या मतें पंधरा हजारांच्या वर गेली. त्यानें पराभव टळला नाहीं. २००२ सालीं जर्मन पार्लमेंटनें ह्या सैनिकांवरील निकाल कायद्यानें रद्द केले. ब्रिटननें पलायन व भ्याडपणा ह्यांसाठींची देहांत शिक्षा १९३० सालींच काढून टाकली होती. १९४२ मध्यें उत्तर आफ्रिकेंत माघार घेण्याची पाळी आली तेव्हां जनरल ऑकिन्लेक ह्यांनीं ती परत आणावी अशी शिफारस केली, परंतु मंत्रिमंडळानें ती स्वीकारली नाहीं. ती परत न आणतांच त्या वर्षाच्या अखेरीस एल अलामीनची लढाई जिंकली गेली.

तर मग कैद द्यावी, असें सहज सुचेल. परंतु येथें एक विचित्र पेंच उभा राहतो. रणांतून पळणारास भय असतें तें मरणाचें. तुरुंगांत मरणाचें भय नाहीं. तेव्हां जो मरणाला भ्याला त्याला सुरक्षित कोठडी देणें, आणि जो भ्याला नाहीं त्याला गोळ्यांच्या वर्षावांत ठेवणें, ही शिक्षा कोणाला झाली? अमेरिकन शिपाई एडी स्लोव्हिक ह्याच्या प्रकरणांत हाच पेंच होता. १९४४ च्या ऑक्टोबरांत त्यानें लेखी कबुली दिली कीं, आपण पळालों आणि पुन्हा आघाडीवर पाठविलें तर पुन्हा पळूं. तो कागद फाडून टाक आणि दुसऱ्या पलटणींत जा, असें अधिकाऱ्यांनीं त्यास सुचविलें; त्यानें ऐकलें नाहीं. इतरांप्रमाणें कैद होईल, युद्ध संपेल, आपण सुटूं, असा त्याचा हिशेब होता. परंतु डिसेंबरांत जर्मनांचा मोठा प्रतिहल्ला चालू असतांना जनरल आयझेनहॉवर ह्यांनीं त्याची देहांत शिक्षा कायम केली, आणि ३१ जानेवारी १९४५ रोजीं त्याला गोळ्या घातल्या. त्या युद्धांत सुमारें एकवीस हजार अमेरिकन शिपायांवर पलायनाचा गुन्हा शाबीत झाला, एकूणपन्नासांना देहांत शिक्षा झाली, आणि प्रत्यक्ष मेला हा एकटा. मौज अशी कीं, ज्या उदाहरणासाठीं हें केलें, तें उदाहरण सैन्यांत फारसें जाहीरहि केलें गेलें नाहीं. कोणास दिसलें नाहीं तें उदाहरण कसलें?

ह्या पेंचांतून सुटण्याची वाट १९१५ सालींच एका ब्रिटिश कायद्यानें दाखविली होती. शिक्षा सुनावायची, पण तिची अंमलबजावणी तहकूब ठेवून शिपायास परत पलटणींत पाठवावयाचें. पुन्हा चुकला तर जुनी शिक्षा डोक्यावर आहेच. नीट वागला तर ती कमी होते किंवा माफ होते. ह्यांत पळणाऱ्याला हवी असलेली सुरक्षित कोठडी मिळत नाहीं, पलटणीचा माणूस कमी होत नाहीं, आणि त्या माणसास आपलें नांव स्वतः धुऊन काढण्याची संधि मिळते. भारताच्या आर्मी ॲक्टांतहि कैदेची शिक्षा अशी तहकूब ठेवण्याची तरतूद आहे. लष्करी न्यायांत ह्याहून शहाणपणाची युक्ति क्वचितच निघाली असेल.

परंतु परत पाठवावयाचा तो माणूस परत जाण्याच्या स्थितींत आहे काय, हें आधीं पाहावें लागतें. पुढें लॉर्ड मोरन म्हणून प्रसिद्ध झालेले डॉक्टर पहिल्या महायुद्धांत पलटणीबरोबर खंदकांत राहिले होते. १९४५ सालीं त्यांनीं आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, धैर्य ही प्रत्येक माणसाजवळची शिल्लक आहे. ती रोज खर्च होते, आणि भर न पडतां खर्चच होत राहिला तर मोठ्या सावकाराचेंहि दिवाळें निघतें. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं १९४६ मध्यें हिशेब केला, त्यांत पायदळांतील माणूस लढाईच्या एकूण दोनशें ते दोनशें चाळीस दिवसांत झिजून निकामी होतो असें आढळलें. म्हणजे जो पहिल्या दिवशीं पळाला तो, आणि जो दोनशें दिवस उभा राहून दोनशें एकाव्या दिवशीं कोसळला तो, हे दोघे एका तागडींत घालतां येत नाहींत. दुसऱ्यास शिपाई म्हणून कमी लेखणें हा त्याच्या दोनशें दिवसांचा अपमान आहे.

धैर्य रक्तांत असतें, अमक्या कुळाचा माणूस पळत नाहीं, हीहि समजूत टिकत नाहीं. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सांत असलेल्या हिंदी सैन्यांत सरहद्दीकडील दोन आफ्रिदी भाऊ होते. त्यांतील मीर मस्त हा जमादार मार्च १९१५ मध्यें आपल्या कांहीं सोबत्यांसह जर्मनांकडे निघून गेला. पुढच्याच महिन्यांत २६ एप्रिल रोजीं ईप्रच्या लढाईंत दुसरा भाऊ मीर दस्त ह्यानें विषारी वायूचा मारा सोसून तुकडी सांभाळली, जखमींना वांचविलें आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एक आई, एक घर, एक खोरें. आणि एक फितूर, दुसरा वीर. ब्रायटन येथें बादशहाच्या हातून पदक स्वीकारतांना ह्याच वीरानें, एकदां जखमी झालेल्या माणसांना पुन्हा खंदकांत पाठवूं नये, असें मागणें मागितलें. झिजलेल्या माणसाची कींव भित्र्यासच येते असें नाहीं.

परत येण्याचें दार उघडें ठेवण्याची कल्पनाहि नवी नाहीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत मार्च १८६३ मध्यें अध्यक्ष लिंकन ह्यांनीं जाहीरनामा काढला कीं, १ एप्रिलपर्यंत जे गैरहजर शिपाई आपल्या पलटणींत रुजू होतील, त्यांना गैरहजेरीच्या काळाचा पगार बुडण्यापलीकडे शिक्षा होणार नाहीं. पुढल्या वर्षीं त्यांनीं पलायनासाठीं झालेल्या देहांत शिक्षांचें रूपांतर कैदेंत केलें. अगदीं अलीकडे युक्रेननें हाच धडा पुन्हा गिरवला. जानेवारी २०२३ मध्यें त्या देशानें कायदा कडक करून शिक्षा सौम्य करण्याचा न्यायाधीशांचा अधिकार काढून घेतला. तरी खटल्यांची संख्या वाढतच गेली. ऑगस्ट २०२४ मध्यें नवा कायदा आला आणि पहिल्यांदाच पळालेला, पण आपण होऊन परतलेला सैनिक खटल्यांतून सुटण्याची वाट मोकळी झाली. सैन्याला शेवटीं माणसें हवीं असतात, कैदी नव्हेत.

ह्या सर्व अनुभवाचें सार काढलें तर पळणाऱ्यांचे निदान चार वर्ग करावे लागतात. पहिला शत्रूस जाऊन मिळणारा. हा पळपुटा नसून फितूर आहे, आणि त्याच्या मुखांतून जाणाऱ्या बातमीनें शेंकडों मरतात. त्याला जन्मठेपेपर्यंतची कठोरांत कठोर कैद योग्य होय. दुसरा, दुसऱ्यांचे जीव ज्याच्या स्वाधीन होते असा अधिकारी किंवा पहारेकरी, अथवा बेत करून पुन्हा पुन्हा पळणारा. ह्याला दीर्घ कैद आणि पदच्युति. तिसरा, भडिमारांत धीर सुटलेला किंवा झिजून कोसळलेला. ह्याच्याकडे न्यायाधीशाच्या आधीं डॉक्टरानें गेलें पाहिजे. आजारी असेल तर उपचार, नसेल तर तहकूब शिक्षा, पगारकाट आणि पिछाडीचें कष्टाचें काम. चौथा, घरच्या ओढीनें गेलेला. पत्रांत आईचें दुखणें वाचून निघालेला. ह्याला दंड, जादा काम आणि खालची पायरी पुरते. साध्या पलायनास देहांत मात्र कोणत्याहि वर्गांत बसत नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतील. जो जागेवर उभा राहिला त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय, हा पहिला. तो आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच निव्वळ माफी चालणार नाहीं. पळालेल्याचें ऋण आहे तें सरकारापेक्षांहि त्या पांच सोबत्यांचें, ज्यांनीं त्याचा पहारा केला. तें ऋण मरून फिटत नाहीं, परत येऊन राबल्यानें फिटतें. दुसरा आक्षेप असा कीं, शिक्षा सौम्य म्हणजे सर्वच पळतील. अनुभव असा आहे कीं, शिक्षेची जरब तिच्या जबरपणापेक्षां तिच्या निश्चितपणांत असते. तीन हजारांत साडेतीनशें मरतात, हें शिपायाला सोडतीसारखें वाटतें. पळालेला प्रत्येक जण सांपडतो, प्रत्येकाचा हिशेब होतो, हें त्याला अधिक भिववितें.

शिक्षेला शेवटहि असला पाहिजे. आल्बर्ट ट्रॉप नांवाचा अमेरिकन शिपाई १९४४ सालीं कासाब्लांका येथील लष्करी कोठडींतून निसटला आणि चोवीस तासांच्या आंत स्वतः परत येत असतां सांपडला. त्यानें तीन वर्षांची शिक्षा घेतली. पुढें १९५२ मध्यें पासपोर्ट मागावयास गेला, तेव्हां आपण अमेरिकन नागरिकच उरलों नाहीं, असें त्यास कळलें. १९५८ मध्यें सुप्रीम कोर्टानें ती शिक्षा घटनाबाह्य ठरविली. एका दिवसाच्या भयासाठीं माणसाला जन्माचा बेवतनी करणें सुसंस्कृत राष्ट्रास शोभत नाहीं, असा त्याचा भावार्थ. ब्रिटननेंहि १९५३ सालीं, राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, महायुद्धांतील फरारी शिपायांना अभय दिलें आणि आठ वर्षें लपूनछपून जगणारीं माणसें उजेडांत आलीं.

महाराष्ट्रांतील घराघरांत मुलांना विराटपर्वांतील उत्तराची गोष्ट सांगतात, ती बहुधा त्याच्या बढायांवर हंसण्यासाठीं. अंतःपुरांत शौर्याच्या गप्पा मारणारा तो राजपुत्र कौरवांची अफाट सेना पाहतांच रथांतून उडी टाकून पळत सुटला. अर्जुन त्याच्यामागें धांवला, त्यानें त्याला पकडलें. मला सोड, मी तुला सुवर्ण देतों, रत्नें देतों, असें उत्तर गयावया करून म्हणाला. अर्जुनानें त्याचा शिरच्छेद केला नाहीं, आणि जा घरीं म्हणून सोडूनहि दिलें नाहीं. धीर दिला, धनुष्य स्वतः उचललें आणि घोड्यांचे लगाम उत्तराच्या हातीं दिले. लढणें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें, पण रथ हांकणें त्याला येत होतें. बाणांच्या त्या वर्षावांत रथ हांकला तो त्याच पळपुट्यानें. त्याला रणांत परत आणलें, पण त्याला पेलेल असें काम देऊन आणलें. लष्करी कायद्याच्या पुस्तकांत हें कलम ह्या शब्दांत कोठें लिहिलेलें नाहीं. परंतु न्यायासनावर बसणाऱ्या अधिकाऱ्यानें निकाल लिहिण्यापूर्वीं तें आठवावें, इतकें तें मोलाचें आहे.